ओतुरात पिवळ्यांचं घर नाही

ओतूर, वटपौर्णिमेनंतरचा रविवार, २००१
(कोंडाबाईच्या हाती)

आशा,

आधी हात पूस, मग पत्र धर. वाचून झालं की चुलीत घाल. चुलीत म्हणजे चुलीतच, उशीखाली नको. उशीखालचं कुणाला सापडत नाही असं फक्त ठेवणाऱ्याला वाटतं.

कोंडाबाई कासारीण तुझ्या हातात बांगड्या भरता भरता हे देईल. घोडेगावच्या बाजाराला तिला जायचंच असतं, वाटेत तुमची वाडी. ती म्हणाली, पोरीचा हात लई वाळलाय, जुन्या मापाच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकतात. ऐकून जेवण गेलं नाही. पण मी रडगाणं लिहायला बसलेली नाही. माझ्याकडं आनंदाची बातमी आहे आणि ती पोटात राहत नाही, ताकातल्या लोण्यासारखी सारखी वर येते.

आपल्या पडवीत चित्रकलेचा क्लास सुरू झालाय! तुझे सावळाराम गुरुजी रिटायर झाले, त्यांच्या घरात सुनेनं शिलाई मशीन मांडलं, बसायला जागा नाही. मी म्हटलं, पडवी तुमची, पण मी दाराशी बसून ऐकणार. पोरं दात काढतात. एक म्हणाली, "आजी, तुमी पन परीक्षेला बसनार?" मी म्हटलं, "बसंन गं, पन गुडघं मंग उठू देत न्हाईत."

तर मी गुरुजींना विचारलं, आमच्या आशाचं काय? ते म्हणाले, "एलिमेंटरी मीच करून घेतली होती तिची. हात चांगला, रंगात कच्ची. इंटरमिजिएट झाली तर पुढं ड्रॉइंग मास्तरणीच्या कोर्सला जाता येईल. बाहेरून बसता येतं. सप्टेंबरच्या शेवटी, आपल्याच गावात." मी म्हटलं, घाला नाव. घातलं त्यांनी. तुझ्या बापाला सांगितलेलं नाही. भरत म्हणतो, दिल्या घरी सुखी राहू दे. म्हणजे आपल्याला त्रास नको.

तुझं तिकडं कसं आहे ते मला ठाऊक आहे. तुझे सासरे भिमाजीराव पहिल्याच महिन्यात म्हणाले होते, "सुनंला चित्रांची हौस आसंल तर दारात रांगोळी काढावी." विहीणबाईंनी तुझी रंगाची पेटी ट्रंकेत घातली आणि किल्ली कमरेला लावली. राघू चाकणला कंपनीत, शनिवारी येतो, सोमवारी जातो आणि मधल्या वेळात "आईला विचार" म्हणतो. दुपारी माणसं मळ्यात गेली की तुझ्या दाराला बाहेरून कडी. आणि मला तुमच्या उंबऱ्याची बंदी, एका लुगड्यापायी.

तुझी आई असती तर ते लुगडं तिनं घेतलं असतं आणि बोलणी तिनं खाल्ली असती. ती नाही, म्हणून मीच विहीण. दुकानात, बल्बाखाली, मी या डोळ्यांनी बघून डाळिंबी लुगडं घेतलं. घडी पिशवीत, पिशवी पेटीत. मांडवात मानपानाला उन्हात उलगडलं तर वांगी! तेही काळपट वांगी. विहीणबाई सगळ्या वऱ्हाडासमोर म्हणाल्या, "लगनाच्या मांडवात विहिनीला काळं? आमाला वांगं नेसवलं वो!" त्या दिवसापासून तुझं माहेर बंद. डाळिंबाचं वांगं कसं झालं ते देव जाणे.

असो. तुमच्याकडं पत्र आलं की भिमाजीराव ओट्यावर बसून मोठ्यानं वाचतात, कंडक्टर असताना थांबे पुकारायचे तसं. वाचू देत. यापुढं मी पोस्टानं नुसत्या गावगप्पा लिहिणार. असं समज की आपल्या गावात तीन घरं आहेत, तांबडे, पिवळे आणि निळे. पुढचं तुला कळेल. हुशार आहेस, माझी नात आहेस.

आणि रंग कुठले म्हणशील तर स्वयंपाकघरात बघ. हळद, कुंकू आणि कपड्याची नीळ. कोण विचारणार आहे? कोंडाबाई बांगड्यांच्या खोक्यात एक ब्रश आणि कागद घालून देईल.

चुलीत घाल.

तुझी आजी, ठकूबाई


ओतूर, आषाढ, २००१
(पोस्टानं)

सौ. आशाला, वाचणाऱ्या भिमाजीरावांना आणि ऐकणाऱ्या विहीणबाईंना ओतूरच्या ठकूबाईचं पत्र. ज्याला नमस्कार घ्यायचा त्यानं नमस्कार घ्यावा, जिला आशीर्वाद पाहिजे तिनं आशीर्वाद.

इकडं पाऊस बरा आहे. माझा डावा गुडघा उजव्याशी बोलत नाही. बाकी लिहिण्यासारखं म्हणजे वरल्या आळीतली गंमत. तांबडे, पिवळे आणि निळे तुला आठवत असतील. गावातली मूळ घरं ही तीनच. बाकी सगळी भावकी यांच्या सोयरिकीतून झाली. पण कुणाच्याही सोयरिकीतून ही तीन झाली नाहीत. कितीही लग्नं लावा, त्यातून नवा तांबडे निघत नाही. तो मूळचाच असावा लागतो.

तर पिवळ्यांची मुलगी निळ्यांना दिली, तिला झाली हिरवी. गुणाची पोर, शेतात उभी राहिली तर ओळखू येत नाही. तांबड्यांची पिवळ्यांना दिली, तिची नारंगी. ही सदा चुलीपाशी. आणि निळ्यांची तांबड्यांना दिली, तिची जांभळी. जांभळी जरा अबोल, मनातलं सांगत नाही.

या सोयरिकीत एक शहाणपणाची गोष्ट कळली. पिवळे गरीब आणि निळे जबरदस्त. निळ्यांचा एक पाव्हणा पिवळ्यांकडं उतरला तरी घराचा नूर बदलतो. म्हणून पिवळ्यांनी निळ्यांना एकेक करून बोलवावं, एकदम वऱ्हाड नको. मी आधी उलटं केलं. निळ्यांच्या घरी पिवळे पाठवले, पाठवतच राहिले, डबाभर हळद गेली तरी निळा तो निळाच. (हळद मध्येच कुठून आली म्हणाल, तर लग्न म्हटलं की हळद आलीच.)

आणखी एक. तांबडे, पिवळे आणि त्यांची नारंगी ही उन्हाळी माणसं. रांगेत उभी केली की आपोआप पुढं येतात. निळ्यांकडचे थंड, मागं सरतात. माळशेजकडचे डोंगर लांबून कसे निळसर दिसतात, तसं. म्हणून कधी फोटो काढायचा झाला तर निळ्यांना मागं उभं करावं आणि तांबड्यांना पुढं. उलटं केलं तर सगळे एकमेकांच्या अंगावर पडल्यासारखे दिसतात.

गावगप्पा संपल्या. भिमाजीरावांचा आवाज अजून खणखणीत असेल.

ठकूबाई


ओतूर, श्रावण लागला, २००१
(कोंडाबाईच्या हाती)

आशा,

भिमाजीरावांच्या अक्षरातलं उत्तर पोचलं. "आम्ही सर्व कुशल. आशा विचारते की जांभळीची तब्येत सदा खराब का? अंगाला राख फासल्यासारखी का दिसते?" अगं, मी इतकी हसले की क्लासातली पोरं उठून बघायला आली. भिमाजीरावांच्याच हातानं तू प्रश्न लिहून घेतलास! जांभळीचं उत्तर गुरुजींना विचारून पोस्टानं देते.

आता भ्यायची गोष्ट. कोंडाबाई म्हणाली, पत्र एकदा वाचून झालं की विहीणबाई म्हणतात, "पुन्ना वाचा. सावकाश." दोन्ही वेळा त्यांची नजर तुझ्यावर असते. दुसरं म्हणजे हळद. "हळद संपती कशी गं?" असं एकदाच विचारलं, आणि बाजारातून दुप्पट आणून तुझ्यासमोर डब्यात भरली. मला ते बरं दिसत नाही. ओरडणारं माणूस परवडलं. जे भरून ठेवतं ते मोजतं. जरा बेतानं घे बाळा. एका चमच्यात काय होतं ते बघ.

विरोधी रंगाचं सांगायचं राहिलं. गुरुजी "विरोधी" म्हणाले तेव्हा मला वाटलं निवडणूक लागली. तसं नाही. हिरवीच्या अंगात कुणाचं रक्त नाही? तांबड्यांचं. मग तांबडा तिचा विरोधी. नारंगीत निळा नाही, तो तिचा. जांभळीत पिवळा नाही, तो जांभळीचा. गंमत अशी की हे विरोधी एका वाटीत कालवले तर राख होते, दोघांचंही वाटोळं. पण न कालवता शेजारी बसवले तर दोघंही उजळतात. हिरव्या पानावर लाल मिरची बघ. वाटून चटणी केली की कुठं राहतो तो रंग?

कोंडाबाईनं मला तुझी खिडकी सांगितली. गज, गजापलीकडं गोठ्याची भिंत, भिंतीवर गोवऱ्या. मी इथं दिवसभर रंग बघते आणि तुझ्या वाट्याला एकच, शेणाचा. गुरुजींना विचारलं, या रंगाचं काय करायचं? ते म्हणाले, "आजी, त्यात तिन्ही घरं असतात. नुसती कमीजास्त." मग तू त्या भिंतीकडं बघत बस आणि हुडक. तांबडे कुठं आहेत, पिवळे कुठं, निळे कुठं. ओली गोवरी आणि वाळकी गोवरी सारखी नसते. कडी लावलेल्या खोलीतनं एवढं तरी करता येतं.

चुलीत.

आजी


ओतूर, नागपंचमी झाली, २००१
(पोस्टानं)

आशा, भिमाजीराव, विहीणबाई, तिघांना मिळून एकच पत्र. आधी जांभळीची तब्येत.

तिचं दुखणं सापडलं! लई शोध घेतला. जांभळी कुणाची? निळ्यांची आणि तांबड्यांची. पण तिच्याकडचे तांबडे कुठले, तर देवळापाशी राहणारे. आणि त्यांचं मूळ काढलं तर ते पिवळेच निघाले! चुन्याशी सोयरीक केली आणि त्या दिवसापासून स्वतःला तांबडे म्हणवून घेतात. वरून लालभडक, पोटात पिवळे. आता जांभळीच्या अंगात तिन्ही घरं आली की नाही? तिन्ही एकत्र आली की राख. पोरीचा काही दोष नाही.

हिच्यासाठी अस्सल तांबडे पाहिजेत, ज्यांच्या पोटात पिवळा नाही. कोंडाबाईच्या ओळखीचे एक आहेत, अळत्याच्या गल्लीत राहतात, जरा गुलाबीकडं झुकतात. ती पुढच्या बाजाराला घेऊन येईल म्हणाली. म्हणजे भेटीला घेऊन येईल.

आता दुसरी गोष्ट, आणि ही ऐकून तुम्ही सगळे तोंडात बोट घालाल. जांभळीला बघायला पाव्हणे आले दिवेलागणीला. दिवा धरला पिवळ्यांनी. आता पिवळ्याच्या दिव्यात होतं काय, तर जांभळीच्या अंगातला निळा झोपतो आणि तांबडा तेवढा जागा राहतो. पाव्हणे म्हणाले, वा! पोरगी डाळिंबासारखी आहे. सुपारी फोडून गेले. मांडवात उन्हात बघतात तर काय, वांगी! फसवलं म्हणून एकच गिल्ला. आणि शेजारी नवरीचं पिवळं लुगडं, म्हणजे जांभळीचा विरोधी, त्याच्या शेजारी ती आणखी गडद दिसणार की नाही?

आता तुम्हीच सांगा, कुणी कुणाला फसवलं? पोरीनं? दाखवणाऱ्या म्हातारीनं? कुणीच नाही. दिवा पिवळ्याचा होता! काल हे कळलं तेव्हा मी पडवीत टाळी वाजवली आणि पाण्याचा तांब्या लवंडला. डाळिंबही खरं होतं आणि वांगंही खरं होतं. दोन उजेडांची दोन खरी.

आज लई लिहिलं. बोटं दुखली.

ठकूबाई


ओतूर, गौरी जेवून गेल्या, २००१
(कोंडाबाईच्या हाती)

आशा,

माझ्या जिभेला हाड नाही आणि आता पेनालाही नाही. ते लुगड्याचं मी लिहायला नको होतं. आनंद झाला की मला लपवता येत नाही.

कोंडाबाईनं सगळं सांगितलं. भिमाजीरावांनी पत्र दोनदा वाचलं. "दिवा पिवळ्याचा" आलं तशा विहीणबाई उठल्या, ट्रंक उघडली, ते लुगडं काढलं आणि अंगणात उन्हात धरून उभ्या राहिल्या. मग आत येऊन बल्ब लावला आणि त्याच्याखाली धरलं. लुगडं घडी करून पुन्हा आत.

दुसऱ्या दिवशी कोंडाबाईला दारात गाठून म्हणाल्या, "ठकूबाईला सांग, ओतुरात पिवळ्यांचं घर न्हाई. माझं म्हायार डिंगोऱ्याचं हाय."

डिंगोरं! आपल्या गावाच्या पायरीवर. अगं, तुझ्या लग्नात मी हजार गोष्टी विचारल्या, विहिणीचं माहेर कुठलं ते विचारलंच नाही. आणि मी त्या बाईला माझ्याच गावातली नसलेली घरं सांगत बसले. म्हणजे पहिल्या पत्रापासून तिला ठाऊक आहे. दोनदा वाचून घेत होती ती काय उगीच? हळद भरून ठेवत होती ती काय उगीच?

आता हे तिनं भिमाजीरावांच्या कानावर घातलं की कोंडाबाईलाही दार बंद. परीक्षेला महिना राहिला. गुरुजी रोज विचारतात, "आशा येणार ना?" मी मान हलवते. कुठल्या दिशेनं हलवते ते त्यांनाही कळत नाही.

अळत्याची बाटली गोवरीखाली पुर. कागद जाळ. ब्रश फेकू नको, वेणीत खोवला तर काडी समजतील. यापुढं पत्र नाही. तुझ्या खिडकीला गज आहेत, माझ्या तोंडालाही आता तसेच.

वाण्याकडं हळद बघितली की तुझी आठवण येते.

आजी


ओतूर, धोंड्याचा महिना सरत आला, २००१
(कोंडाबाईच्या हाती, पण आता भ्यायचं कारण नाही)

आशा,

तू आणि विहीणबाई गेल्यापासून घर मोठं वाटतंय. जावई दोन दिवसांत एवढे धोंडे खाऊन गेला की पुरण वाटणारा दगड सुटला म्हणून आनंदला असेल. तू पेपरला का जातेस ते त्याला कळलं का? कळलं असेल. तोंड भरलेलं होतं, म्हणून गप्प.

तू पेपर लिहीत होतीस तेव्हा आपल्या ओट्यावर काय बोलणं झालं ते तुला ठाऊक नाही. तुझ्या सासूनं सांगितलं नसेल. ती सांगणारी नव्हे. म्हणून मी सांगते.

भरत राघूला मळा दाखवायला घेऊन गेला आणि राहिलो आम्ही दोघी. विहीणबाई त्या वांगी लुगड्यात, मी माझ्या जुन्या हळदी पातळात. मी चहा दिला. मग मी म्हटलं, "विहीणबाई, रंग खुलतोय तुमाला."

"खोटं बोलू नगा. वांगंच हाय त्ये."

"घरात बल्बाखाली बसू या का मंग?"

हसल्या. तुझी सासू हसते, आशा! पुढचा एक दात नाही, तो झाकायला पदर धरते. मग म्हणाल्या, "पिवळ्यांचं घर कवा बांदलं वो ओतुरात?"

"मला वाटलं तुमाला ठाऊक नसंल."

"पेठंतलं कुत्रं बी वळखते मी. पैल्याच पत्राला म्हनलं, म्हातारी येडी तरी झाली न्हाई तर लई शानी तरी."

"मंग सांगितलं का न्हाई व्याह्यांना?"

"आन् पत्रं बंद झाली आसती म्हंजी? आमच्या वाडीत कोन गोष्टी सांगतंय मला?"

मी धीर करून विचारलं, "मंग दोनदा का वाचून घ्यायच्या?"

माझ्याकडं अशा बघितल्या की जणू मीच बिनडोक. "पोर भाकरी थापत ऐकायची. थापन्याच्या आवाजात अर्दं जायाचं. म्हनून म्हनायची, पुन्ना वाचा, सावकाश. आन् तिला म्हनायची, थांबव गं थापनं, डोस्कं दुखतंय. आठवतंय का तिला इचारा."

आठवतंय का गं?

"आन् हळद?"

"संपली की आनाया नगं?"

मी एवढी खूश झाले की जिभेचे गज पुन्हा गळून पडले. म्हटलं, "येवढी माया हाय तर मंग दाराला कडी का वो लावता पोरीच्या?"

चहा खाली ठेवला त्यांनी. शाळेच्या बाजूला बघत राहिल्या. "त्यांनी सांगितलंय म्हनून लावते. ती कडी तिच्यासाठी न्हाई बसवली. माझ्यासाठी बसवली व्हती. लगीन झालं त्या साली म्या डिंगोऱ्याला पळून आल्ते, पायी. परत नेलं आन् सुतार बोलवला. मी म्हातारी झाले, कडी तशीच हाय. तेल घालतात तिला दिवाळीला."

मी त्यांच्या ताटलीत बिस्कीट ठेवलं.

मग त्याच म्हणाल्या, "त्यांच्याम्होरं तोंड उघडलं की दोन दिस जेवत न्हाईत, घर डोक्यावर घेत्यात. पन धोंड्याच्या महिन्यात जावई सासुरवाडीला वाढायला लागतो. त्ये चुकलं तर पाप. माझं ऐकत न्हाईत, पापाला भितात. मी म्हनलं, मान घ्यायचा तर ठकूबाईच्या हातचाच घेते, वांगं नेसूनच घेते, बघू दे गाव. लगीच हो म्हनले. त्यांना वाटलं मी तुमचं नाक कापायला चाललेय." आणि पुन्हा पदर तोंडाला.

पेटी त्यांनी सकाळी तुझ्या हातात दिली तेव्हा काय म्हणाल्या ते मी दारातनं ऐकलं, "जांभळा नीट घाल, कुकवाचा नगं." त्यांना सगळं पाठ आहे, बाई. सगळं पाठ आहे.

गुरुजी दुपारी आले, आम्हा दोघींना ओट्यावर बघून थबकले. एक जांभळी, एक पिवळी. एका वाटीत घातलं असतं तर राख. शेजारी बसलो होतो तर म्हणे बरं दिसत होतं.

पण तुला निरोप देताना एसटीत तू मागं वळून बघितलंस आणि विहीणबाईंनी बघितलं नाही, ते माझ्या मनात राहिलंय. तुम्ही दोघी परत त्याच कडीच्या आत गेलात. एकीच्या दाराला ती बाहेरून लागते आणि एकीनं ती लावायची असते, एवढाच फरक.

हे जाळू नको. विहीणबाईंच्या ट्रंकेत ठेव. किल्ली चांगल्या कमरेला आहे.

आजी


ओतूर, किंक्रांत, जानेवारी २००२
(पोस्टानं)

आशा, भिमाजीराव, विहीणबाई, तिळगूळ घ्या. घरचा आहे, जरा कडक झालाय, दात जपून.

काल संक्रांत, सगळ्या बाया काळ्या लुगड्यात. वर्षभर ज्याला नावं ठेवतात त्याला एक दिवस मान. आमच्याकडं काळे आणि पांढरे यांना मूळ घरांत कुणी धरत नाही, पण त्यांच्याशिवाय कुणाचं चालतही नाही. पांढरे आले की माणूस उजळतो, काळे आले की गडद होतो. आत माणूस तोच असतो.

आता खरी बातमी. आपली जांभळी पसंत पडली! पहिल्या क्रमांकाच्या घराण्यात नाही, त्याच्या शेजारी बी म्हणून घराणं आहे, तिथं. गुरुजी म्हणाले, पोरीचा रंग इतका स्वच्छ निघेल असं वाटलं नव्हतं. मी रस्त्यातच उडी मारणार होते, डाव्या गुडघ्यानं धरून ठेवलं.

पुढचं असं आहे की जांभळीला जूनपासून दोन वर्षं पुण्याला ठेवावं लागणार. शिकून ती मास्तरीण होईल. सासरा तापट आहे, लगेच हो म्हणायचा नाही. धोंड्याचा महिना पुन्हा यायला अडीच वर्षं आहेत, तोवर थांबलं तर पोरीची राख होईल. पण तिची सासू आहे ना. फार थोडं बोलते, पण एकदा बंद झालेल्या माहेराची वाट तिला बरोबर सापडली होती. आता घरातून बाहेर जाणारी शोधायची आहे. ती शोधेल. त्या घरच्या दाराला एक जुनी कडी आहे म्हणतात. यंदाच्या दिवाळीला तिला तेल घालायचं विसरलं तरी चालेल.

एवढंच. आशा, थापणं थांबव.

भिमाजीराव, पुन्हा वाचा. सावकाश.

ठकूबाई